प्लस बॉडीला

गाडीच्या नव्या रेडिओतून धूर निघाला तेव्हा फिटर आधी दचकला आणि मग हसला. धुराचं ताईला एवढं वाटलं नाही, पण ते हसणं तिच्या डोक्यात गेलं.

“बघा, मी म्हणत नव्हतो?” फडक्याला हात पुसत फिटर म्हणाला. “गाडीच संपलीय ही. आतलं वायरिंग सगळं सडलेलं असणार. हिच्यात रेडिओ कसला लावताय, बाई!”

“जोडायच्या आधी मीटर लावला होतास का?” ताईने विचारलं.

“मीटर कशाला? लाल वायर प्लसला, काळी बॉडीला. वीस वर्षं हेच करतोय. डोळे मिटून करतो.”

“ते दिसतंच आहे.”

ताई वाकली. पुढच्या सीटखाली काचेचे दोन फ्यूज पडले होते, दोन्ही आतून काळेठिक्कर. म्हणजे फ्यूज एकदा उडाला, दुसऱ्यांदा उडाला, आणि तिसऱ्या वेळी या शहाण्याने फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा पिळून दिला होता. तिने दोन्ही फ्यूज उचलून पर्समध्ये टाकले, जळका रेडिओ काढून घेतला आणि स्टिअरिंगवर बसली.

अण्णा, म्हणजे तिचे वडील, डावीकडच्या सीटवर बसून सगळं बघत होते. ऐकत होते असं म्हणता येत नाही, कारण त्यांचा उजवा कान गेली दहा वर्षं बंद होता आणि फिटर नेमका उजवीकडून बोलत होता.

“काय म्हणतोय तो?” गाडी रस्त्याला लागल्यावर त्यांनी डावा कान ताईकडे वळवून विचारलं.

“गाडी संपलीय म्हणतोय.”

“मग आपण घरी कशात बसून चाललोय?”

गाडी मुळात अण्णांची नव्हती, डॉक्टरांची होती. अण्णा एकतीस वर्षं डॉक्टरांचे ड्रायव्हर होते. पुढे डॉक्टर थकले, मुलाकडे राहायला निघाले, तेव्हा जाताना गाडीची चावी आणि कागद त्यांनी अण्णांच्या हातात ठेवले. माणूस वाईट नव्हता. पण गाडीतला रेडिओ मागच्या सीटचा होता. मागून “लाव” म्हटलं की अण्णांनी लावायचा, “पुरे” म्हटलं की बंद करायचा. डॉक्टरांना बातम्या लागायच्या आणि डॉक्टरीणबाईंना व्याख्यानं. अण्णांचा जीव होता मॅचमध्ये. कितीदा तरी शेवटची पाच मिनिटं उरलेली असताना मागून “पुरे” आलं होतं, आणि कोण जिंकलं हे अण्णांना दुसऱ्या दिवशी पेपरात वाचावं लागलं होतं.

त्याहून वाईट म्हणजे ते ताटकळणं. डॉक्टर पेशंट बघायला आत गेले की सवयीने चावी काढून खिशात घालायचे. चावी गेली की रेडिओ मुका. मग तास-तास, कधी दोन-दोन तास, अण्णा त्या मुक्या गाडीत बसून राहायचे. समोरच्या एखाद्या खिडकीतून कुणाच्या तरी रेडिओवरचा लोकांचा आरडाओरडा ऐकू यायचा, पण काय झालं ते कळायचं नाही. चावी द्या म्हणून त्यांनी कधी मागितली नाही. मागायला हवी होती, असं ते आता म्हणायचे.

तो जुना रेडिओ पुढे बिघडला, आणि एकदा गाडी गॅरेजात असताना गायबच झाला. डॅशबोर्डवर चौकोनी भोक तेवढं राहिलं. गाडी घरी आल्यावर अण्णांनी इंजिन जपलं, रंग जपला, पण त्या भोकाला एक पुठ्ठा लावून ठेवला होता. आणि चौऱ्याऐंशीव्या वाढदिवशी, काय हवं म्हणून ताईने विचारलं तेव्हा त्यांनी त्या पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं.

“रेडिओ. माझ्या मर्जीचा. आणि चावीशिवाय चालणारा.”

ताईचं वय एकसष्ट. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिने तेहतीस वर्षं काढली, तीही खुर्चीत बसून नव्हे, वायरींच्या जंगलात उभी राहून. लग्नाचं तिचं राहून गेलं, असं लोक म्हणायचे. “राहून गेलं नाही, केलं नाही,” असं ती लगेच दुरुस्त करायची. बापलेक तळमजल्यावरच्या तीन खोल्यांत राहत होते आणि गाडी शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बॉनेट उघडलं आणि वीज मोजायचा आपला जुना मीटर बाहेर काढला. काळं टोक बॉडीला, लाल टोक डॅशबोर्डकडे जाणाऱ्या वायरीला. आकडा आला बारा पॉइंट सहा, आणि त्याच्या आधी वजाची आडवी रेघ. तिने टोकं उलटी केली. रेघ गेली. मग ती बॅटरीवर वाकली, वरची मळी नखाने खरवडली. जाड पट्टा जिथून निघून बॉडीला बोल्ट केला होता, त्या टोकावर अधिकाची खूण स्वच्छ दिसली.

ताई मोठ्याने हसली. अण्णा काठी टेकत शेडच्या दारात आले.

“अण्णा, या गाडीचा प्लस बॉडीला आहे! सगळ्या गाड्यांचा मायनस असतो, हिचा प्लस!”

“मग?” अण्णा म्हणाले. “पहिल्यापासून तसाच आहे. त्या काळी असायच्या तशा गाड्या.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“एकतीस वर्षं बॅटरी मीच बदलली की!”

“मग काल त्या फिटरला सांगितलं का नाही?”

“त्याने विचारलं कुठे? माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्याने. तुझ्याशी बोलला, तेही दुसरीकडे बघून.”

ताई मडगार्डला टेकून उभी राहिली. तिला स्वतःचाच राग आला, कारण तिनेही विचारलं नव्हतं. आणि ही गोष्ट तिला नवी अजिबात नव्हती. एक्स्चेंजमधला प्लस कायम जमिनीलाच असायचा. जमिनीखालून गेलेल्या तांब्याच्या तारा ओलीने खाल्ल्या जाऊ नयेत म्हणून तशी रीत होती. तेहतीस वर्षं ती उलट्या विजेतच वावरली होती. फिटरने लाल वायर जिला प्लस समजून जोडली ती मायनस होती, आणि काळी जिला लावली ती बॉडी प्लस होती. रेडिओ बिचारा उलटा टांगला गेला होता.

ती तशीच निघून फिटरच्या दुकानात गेली. काउंटरवर तिने जळका रेडिओ आणि काळे पडलेले दोन फ्यूज मांडले.

“गाडीचा प्लस बॉडीला आहे,” ती म्हणाली. “वायरिंग चांगलं आहे. तू उलटं जोडलंस, आणि फ्यूज उडतोय हे दिसत असून वर तार पिळलीस.”

दुकानात आणखी दोघं-तिघं गिऱ्हाइकं होती. फिटरने त्यांच्याकडे बघत मान हलवली.

“प्लस बॉडीला! असली गाडी जगात नसते, बाई. कुठे मोबाइलवर बघितलंत का?”

“मीटरवर बघितलं. तुझ्याकडे मीटर आहे का? असेल तर चल, दाखवते.”

“मला धंदा आहे. आणि एक सांगतो, दुसरा रेडिओ घेऊन आलात तरी मी त्या गाडीला हात लावणार नाही.”

“तू लावायचाच नाहीस,” ताई म्हणाली. “मी लावणार आहे.”

गिऱ्हाइकांपैकी एकजण खुदकन हसला. “लावा, लावा,” फिटर म्हणाला. “शेजारी पाण्याची बादली भरून ठेवा म्हणजे झालं.”

परत येताना तिने दुसऱ्या दुकानातून साधा रेडिओ घेतला. पडदाबिडदा नसलेला, डाव्या हाताला गोल फिरणारं बटण असलेला, कारण अण्णांची बोटं आता काचेवर चालत नव्हती. दोन स्पीकर घेतले, आणि वायर मात्र हवी त्याहून जाड घेतली.

संध्याकाळी धाकटा आला. ताईचा हा भाऊ तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा आणि मोठ्या ऑफिसात मोठ्या टेबलापाशी बसायचा. शेडमध्ये शिरताच त्याला सीट बाहेर काढून ठेवलेल्या दिसल्या आणि तो जागच्या जागी थबकला.

“हे काय चाललंय?”

“रेडिओ बसवतेय.”

“ताई, थांब. हातातलं खाली ठेव. मी गिऱ्हाईक आणलंय या गाडीला. जुन्या गाड्यांचे शौकीन आहेत, सोळा गाड्या आहेत त्यांच्याकडे. रविवारी येताहेत बघायला. त्यांनी मला एकच अट घातलीय, गाडीला एक भोकसुद्धा नवीन पडता कामा नये. मी शब्द दिलाय.”

“गाडी कुणाची आणि शब्द कुणाचा?” ताईने विचारलं.

“अगं, अण्णा आता चालवतात का? तू महिन्यातून दोनदा काढतेस. शेडमध्ये गंजत पडण्यापेक्षा चांगल्या हातात गेलेली काय वाईट? ते तर डॅशबोर्डचं भोकही बुजवणार आहेत. त्याच सालातला, त्याच कंपनीचा रेडिओ शोधून ठेवलाय त्यांनी.”

अण्णा खुर्चीत बसले होते. त्यांनी डावा कान पुढे केला. “चालतो का तो?”

“कोण?”

“त्यांचा रेडिओ.”

“नाही हो अण्णा, आत काहीच नाही. नुसता दर्शनी. पण हुबेहूब.”

“म्हणजे मुका.”

“शोभेचा.”

“मुक्या रेडिओपाशी एकतीस वर्षं बसलो मी,” अण्णा म्हणाले. “आता पुन्हा तो बसवायला माझीच गाडी सापडली?”

धाकट्याने कपाळावर हात मारला. “अण्णा, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. ताई, तू तरी समजाव त्यांना.”

“मी कशाला समजावू? मला पटतंय त्यांचं.”

“निदान दारं तरी कापू नका,” धाकटा काकुळतीला आला. “एका खोक्यात स्पीकर घाला, सीटखाली ठेवा. नंतर काढता येईल असं.”

खरं म्हणजे ताईचाही बेत तोच होता. प्लायचं एक खोकं करायचं, ते डॅशबोर्डखाली अडकवायचं, कुठे ओरखडाही नको. तिने मापंसुद्धा घेऊन ठेवली होती. पण धाकटा गेल्यावर तिने ते सांगितलं तेव्हा अण्णांनी मान हलवली.

“खोकं नको. भाड्याच्या खोलीत मांडल्यासारखं नको. दारात बसव. डाव्या दारात.”

“एकदा पत्रा कापला की कापला, अण्णा. परत येत नाही.”

“म्हणूनच.”

डावं दार हे त्यांचं अगदी बरोबर होतं. गाडी उभी असली की अण्णा स्टिअरिंगवर बसायचे, चालती असली की ताईच्या डावीकडे. दोन्ही वेळा ऐकणारा कान डावाच. उजव्या दारात स्पीकर लावणं म्हणजे भिंतीला गोष्ट सांगणं. दुसरा स्पीकर डॅशबोर्डखाली मधोमध ठरला. “मागे एखादा लावू का?” असं ताईने विचारलं तेव्हा अण्णा लगेच म्हणाले, “मागे नको. मागच्यांनी पुष्कळ ऐकलं.”

तिने दाराच्या आतल्या बाजूचं रेक्झिन अलगद सोडवलं. आत काच उतरते कुठपर्यंत, ते काच वर-खाली करून तीनदा बघितलं, कारण स्पीकरचं बूड काचेला लागलं तर काच फुटणार. मग खडूने गोल आखला. ड्रिल हातात घेतलं आणि हात तिथेच थांबला. साठ वर्षांचा पत्रा. धाकट्याचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर आला.

“आण इकडे,” अण्णा म्हणाले.

“अण्णा, तुमचा हात थरथरतो.”

“मग तू माझा हात धर.”

तिने त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. ड्रिल घुं करून फिरलं, पत्र्याने एकदा चीत्कार केला आणि टोक आरपार गेलं. चकचकीत चुरा अण्णांच्या धोतरावर सांडला. तो न झटकता ते त्या भोकाकडे बघत राहिले, मग म्हणाले, “आता पुढचं तू कर. माझं झालं.”

पुढचे तीन दिवस शेडमध्ये सोल्डरिंगचा वास होता. काम दिसायला छोटं, पण प्रत्येक गोष्ट उलटी करायची होती. रेडिओच्या प्लसच्या दोन्ही वायरी, लाल आणि पिवळी, तिने एकत्र करून बॉडीला घट्ट कसल्या. काळी वायर, मध्ये फ्यूज घालून, थेट बॅटरीच्या मायनसला नेली. चावीची वाट तिने मुद्दामच टाळली. बॅटरीची टोकं उलटी करून, डायनमो आणि अॅमीटर बदलून सगळी गाडीच आजच्या रीतीची करणारे लोक असतात, हे तिला माहीत होतं. पण साठ वर्षं धावलेल्या गाडीने कालपरवाच्या रेडिओसाठी का बदलावं? रेडिओने जुळवून घ्यावं.

अडचण एकच होती. रेडिओची पत्र्याची पेटी आतून त्याच्या काळ्या वायरीला जोडलेली असते. म्हणजे पेटी मायनस आणि गाडी प्लस. पेटीचा कोपरा जरी डॅशबोर्डला टेकला तरी पुन्हा ठिणगी आणि पुन्हा धूर. ताईने सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या आणि पेटीला चारी बाजूंनी रबराचा अंगरखा चढवला. स्क्रूंना प्लॅस्टिकच्या नळ्या घातल्या. स्पीकरच्या वायरी दोन-दोन, वेगवेगळ्या, कुठेही बॉडीला न टेकता नेल्या. दाराजवळ वायरीला मोकळा झोल ठेवला, नाहीतर दार उघडल्यावर तुटली असती. शनिवारी दुपारी सगळं बसलं. अँटेना छपराच्या कडेला कसली, तिची केबल रेडिओच्या पाठीत खुपसली.

“लाव,” अण्णा म्हणाले. ते केव्हाचे स्टिअरिंगवर येऊन बसले होते.

“थांबा.”

फ्यूज अजून तिच्या हातातच होता. तिने मीटरचं एक टोक रेडिओच्या पेटीला लावलं, दुसरं गाडीच्या बॉडीला. इथे मीटर गप्प राहायला हवा होता. मीटर पीं करून ओरडला.

पेटी कुठेतरी गाडीला टेकत होती. तिने रेडिओ पुन्हा बाहेर ओढला, रबर तपासलं, स्क्रू काढले, वायरी सोडवल्या. मीटर ओरडतच होता. पेटी हातात अधांतरी धरली, तरी ओरडतच होता. तिने कपाळावरचा घाम पुसला आणि खाली बसली. फिटरचं ते हसणं तिला पुन्हा ऐकू आलं.

“कुठून जातेय ती वीज?” अण्णांनी विचारलं. “बाहेर जायला वाटा किती आहेत, ते मोज.”

ताईने मोजल्या. वायरी सगळ्या सोडवलेल्या. राहिली फक्त अँटेनाची केबल. आणि मग तिने स्वतःच्याच डोक्यावर टपली मारली. त्या केबलच्या वरची जाळी एका टोकाला रेडिओच्या पेटीला आणि दुसऱ्या टोकाला, अँटेनाच्या बुडाशी, छपराला टेकलेली होती. तिने अँटेना उतरवली, खाली-वर रबराच्या चकत्या घातल्या, पुन्हा कसली. मीटर लावला. मीटर गप्प.

वायरी पुन्हा जोडून तिने रेडिओ जागी बसवला. “आता,” ती म्हणाली आणि फ्यूज बसवला.

काहीच झालं नाही, कारण बटण फिरवायचं होतं, आणि ते तिने फिरवायचं नव्हतं. अण्णांनी चष्मा नीट केला. बटण पकडायला त्यांना दोन प्रयत्न लागले. खरखर झाली, एक बाई हवामानाबद्दल काही सांगत होती, ते त्यांनी पुढे फिरवलं. व्याख्यान लागलं. तेही पुढे फिरवलं, जरा जोरातच. आणि मग एकदम हजारो माणसांचा गलका दारातून, गुडघ्यापासून, सगळीकडून गाडीत भरला, आणि त्या गलक्यावर ओरडत एकजण खेळाचं वर्णन करत होता. चावी आत घरात, खुंटीवर होती.

अण्णांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि ऐकत बसले. ताई हत्यारं आवरायला लागली. मध्येच तिने वर बघितलं, तर अण्णांचे डोळे वाहत होते आणि ओठ मात्र खेळाडूंना शिव्या देत होते. मॅच शेवटापर्यंत चालली. अण्णांची टीम हरली, सपाटून हरली, आणि ते त्यांनी स्वतःच्या कानाने ऐकलं.

रविवारी सकाळी शौकीन आले. पांढरेशुभ्र बूट, हातात पातळ हातमोजे. धाकटा त्यांच्यामागे. त्यांनी बॉनेट बघितलं, टायर बघितले, रंगावरून बोटाचं टोक फिरवलं आणि “वा” म्हणाले. मग डावं दार उघडलं.

“हे काय?”

“स्पीकर,” ताई म्हणाली.

“हे... हे कापलंय?”

“मी कापलं,” अण्णा म्हणाले. “पहिलं भोक माझं आहे.”

पांढरे बूट दोन पावलं मागे सरले. “तुम्हाला कल्पना आहे का, तुम्ही काय केलंत? अशा गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. ही वस्तू तुमची-माझी नसते, हा वारसा असतो.”

“वारसा तुमचा असेल,” ताई म्हणाली. “आमच्यासाठी ही अण्णांची बसायची जागा आहे. ते हिच्यात उन्हाळ्यात भाजलेत, थंडीत कुडकुडलेत. तिथे त्यांना काय ऐकू यावं, हे दुसऱ्या कुणी ठरवायचं नाही.”

“ताई!” धाकटा कळवळला.

“तू मध्ये बोलू नकोस. तुला अण्णांना विचारायचं सुचलं नाही. मलाही आधी सुचलं नव्हतं, पण मी चूक सुधारली.”

शौकिनांनी हातमोजे काढले, बोट-बोट सोडवत. “ही गाडी आता माझ्या कामाची नाही,” ते धाकट्याला म्हणाले, बापलेकीला नव्हे.

“ती होतीच कधी?” अण्णा म्हणाले.

पांढरे बूट निघून गेल्यावर धाकटा शेडच्या खांबाला टेकून उभा राहिला. लहानपणी मार खाल्ल्यावर उभा राहायचा, तसाच. “माझी काय इज्जत राहिली?” तो म्हणाला. “त्यांच्यासमोर मी काय तोंड दाखवू?”

“बस गाडीत,” अण्णा म्हणाले. “एक फेरी मारू.”

“मला नाही यायचं.”

“मी विचारलं नाही. बस.”

तो मागे बसला, कारण पुढे जागा नव्हती. ताईने गाडी काढली. अण्णांनी रेडिओ लावला, आवाज चढवला. चौकातल्या सिग्नलला लोक वळून बघायला लागले. बसस्टॉपवरच्या दोन बायका हसल्या. एका मोटरसायकलवाल्याने स्कोअर विचारला आणि अण्णांनी खिडकीतून डोकं काढून त्याला तो ओरडून सांगितला, वर आपलं मतही सांगितलं. फिटरच्या दुकानावरून जाताना ताईने मुद्दाम वेग कमी केला. तो दारातच होता, कुणाच्या तरी नव्या गाडीत अर्धा शिरलेला. आवाजाने तो बाहेर आला, गाडी ओळखली, आणि ती पुढे जाईपर्यंत बघत राहिला. ताईने हॉर्न दिला नाही, हात केला नाही. नुसती समोर बघत पुढे गेली, पण मान तिची एवढी ताठ होती की संध्याकाळपर्यंत दुखत होती.

“अण्णा, आवाज जरा कमी करा ना,” अण्णांच्या डाव्या कानाशी वाकून मागून धाकटा म्हणाला. “लोक बघताहेत.”

अण्णा सावकाश मागे वळले, जेवढं त्या मानेला वळता येत होतं तेवढं.

“या गाडीत मागून रेडिओबद्दल बोलायचं नाही,” ते म्हणाले.

धाकटा आधी फुगून बसला. मग ताईला आरशात दिसलं, तो खिडकीकडे तोंड करून हसू दाबत होता आणि ते त्याला जमत नव्हतं.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. धाकटा दहा दिवस आला नाही, फोनही तुटक करायचा. आणि त्या दहा दिवसांच्या शेवटी, बुधवारी सकाळी, अण्णांना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं होतं, तर गाडी सुरूच होईना. स्टार्टर नुसता कण्हला आणि गप्प झाला. आदल्या दिवशी अण्णांनी दुपारी जेवून गाडीत मुक्काम ठोकला होता, तो चहा, वर्तमानपत्र आणि पुन्हा चहा असं करत अंधार पडेपर्यंत. बॅटरी पार बसली होती.

“अण्णा, मी सांगितलं होतं, दोन तासांवर नाही.”

“मॅच लांबली. मी काय करणार?”

ताईने शेजारच्या टेलरना हाक मारली. तेवढ्यात रिक्षातून धाकटा उतरला. दवाखान्याची तारीख त्याच्या लक्षात होती. त्याने काय झालं ते विचारलं नाही. ऑफिसचा शर्ट कोपरापर्यंत दुमडला, टेलरांच्या शेजारी उभा राहिला आणि डिकीवर दोन्ही हात ठेवले.

“दुसऱ्या गिअरात ठेव,” तो ओरडला. “मी सांगितलं की सोड.”

गल्लीच्या टोकाला गाडीने दोन हिसके दिले, खोकली आणि सुरू झाली. ताईने अॅक्सिलरेटर दाबून धरला. धाकटा धापा टाकत आला आणि मागचं दार उघडून आत पडला. हात काळे झाले होते, ते शर्टला लागू नयेत म्हणून त्याने वर धरले होते.

“परवा त्यांचा फोन आला होता,” तो म्हणाला. “त्या पांढऱ्या बुटांचा. भोकांसकट घेतो म्हणाले.”

“मग तू काय सांगितलंस?” ताईने आरशात न बघता विचारलं.

“सांगितलं, गाडी वापरात आहे.”

डावीकडच्या सीटवरच्या अण्णांना ते ऐकू गेलं नाही, धाकटा उजव्या बाजूला बसला होता. “काय म्हणतोय?” त्यांनी डावा कान वळवून ताईला विचारलं.

“उशीर होतोय म्हणतोय,” ताई म्हणाली आणि गाडी मोठ्या रस्त्याला काढली.